राजमातेचं पान

प्रतिभाने राजमातेला मारलं ते वाचकांच्या आग्रहाखातर. त्यात आपला काही राग नव्हता असं ती स्वतःला सांगत होती, आणि ते साफ खोटं होतं.

मखमलाबाद रस्त्याला गोटीरामबाबांचा झेंडूचा आणि निशिगंधाचा मळा होता. प्रतिभा त्यांची सून. नवरा कुंदन अंबडच्या एका कंपनीत कामाला. ती स्वतः सकाळी पंचवटीतल्या एका सायबर कॅफेत बसून लोकांचे बायोडेटा टाइप करायची. गिऱ्हाईक नसलं की एका मराठी संकेतस्थळावर 'निशिगंधा' या नावाने कादंबरी लिहायची. दर बुधवारी एक भाग. त्यात उडणारा घोडा होता, शापित राजपुत्र होता, त्याच्याशी लग्न करून राजवाड्यात आलेली माळ्याची गुणी मुलगी होती, आणि त्या मुलीला सळो की पळो करणारी राजमाता होती. राजमाता कशी बोलते, कशी बघते, कशी टोमणे मारते, हे लिहिताना प्रतिभाला डोकं खाजवावं लागत नसे. घरी जाऊन आली की पुष्कळ होत असे.

वाचक खूश होते. भाग पडला की खाली 'पुभाप्र'ची रांग लागायची. पुढील भागाच्या प्रतीक्षेत, एवढं लांब लिहायला त्यांना वेळ नसायचा. न्यू जर्सीचे एक गृहस्थ दर भागाला घोड्याच्या पंखांचा हिशेब मागायचे. ठाण्याच्या एक बाई स्वतःच्या सासूबद्दल भलंमोठं लिहून शेवटी 'कथा छान' म्हणायच्या. आणि मग सगळ्यांनी मिळून एकच धोशा लावला. म्हातारीला मारा. कुणी विष सुचवलं, कुणी जिना. ही सगळी सुशिक्षित माणसं होती.

या सगळ्यांपेक्षा वेगळी एक वाचक होती आणि तिला कॉम्प्युटर चालू कसा करतात हेही ठाऊक नव्हतं. ती म्हणजे प्रतिभाची सासू, कलाबाई. एकदा प्रतिभाच्या पिशवीत छापलेले कागद सापडले तेव्हा कलाबाईंनी 'हे काय?' म्हणून दरडावलं. प्रतिभाची गाळण उडाली. "नेटवरची गोष्टय, आत्याबाई. कुणी बाई लिहिते," असं म्हणून तिने तिथंच वाचून दाखवली. तेव्हापासून बुधवारी दुपारी शेडमध्ये माळा ओवताना वाचन ठरून गेलं. ऐकायला कलाबाई आणि कामाला येणारी झुंबरबाई.

उडणारा घोडा कलाबाईंना खटकला नाही. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं ते भलतंच. "त्या राजवाड्यात सैपाक कोण करतं?"

"ते काही आलेलं नाही अजून," प्रतिभा म्हणाली.

"मग ती बाई लिहिती काय नुसतं?"

पण ऐकणं सोडलं नाही. लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि तोवर सासू-सुनेचं बोलणं 'दूध उतू जातंय' आणि 'दार लावून घे' यापलीकडे गेलेलं नव्हतं. आता आठवडाभर बोलायला विषय होता. राजपुत्र कसा बावळट आहे, यावर दोघींचं एकमत होतं. राजमातेवर मात्र नव्हतं. "त्या घरात ती एकटीच कामाची बाई हाय," असं कलाबाई ठणकावून सांगायच्या. प्रतिभा मान खाली घालून दोरा ओढायची. ती बुधवारची वाट बघायला लागली होती, आणि ती काही 'पुभाप्र'साठी नव्हे.

तरीही तिने राजमातेला मारलं. त्या आठवड्यात कलाबाईंनी तिच्या माहेरच्या भांड्यांवरून चार शब्द जास्त ऐकवले होते. राजमाता जिन्यावरून पडली. वाचकांनी टाळ्या वाजवल्या, ठाण्याच्या बाईंनी त्या दिवशी शिरा केल्याचं कळवलं.

दुपारी प्रतिभाने तोच भाग शेडमध्ये वाचला. वाचून झालं. मग कलाबाईंनी हातातली अर्धी माळ टोपलीत ठेवली, पदराला खोचलेली सुई काढून डबीत टाकली आणि उठल्या.

"सुतकात देवाची फुलं ओवत नाय," त्या म्हणाल्या.

"कुणाचं सुतक?" गोटीरामबाबा खुरपं घेऊन दारात उभे होते.

"राजमाता गेली."

बाबांनी सुनेकडे पाहिलं. सुनेने कागदाकडे पाहिलं. झुंबरबाईनेही सुई खाली ठेवली. आपणही एवढे दिवस ऐकलंय, मग आपल्याला कसं चालेल, असं तिचं म्हणणं.

सर्वपित्री अमावास्या चार दिवसांवर होती. तिच्या दुसऱ्या दिवशी घट बसणार. देवीच्या माळा आदल्या दिवशीच तयार लागतात, आणि कलाबाईंसारखी घट्ट, एकसारखी माळ त्या रस्त्यावर दुसरं कुणी ओवत नव्हतं. झेंडू तर असा फुलला होता की थांबायला तयार नव्हता. गोटीरामबाबांनी समजुतीने घ्यायचं ठरवलं.

"अगं, सुतक नात्यातल्याचं असतं. गोष्टीतली ना ती?"

"मला काय येडी समजता? गोष्टीतलीच हाय. पण माणूस गेलं का नाय?"

"दहा दिवस पाळशील?"

"बगू. अमावशेला पान ठेवीन. कावळा शिवला तर फिटलं."

बाबांना हा तोडगा पटला. भांडून तर काही हाती लागणार नव्हतं.

ते चार दिवस प्रतिभाला घर खायला उठलं. कलाबाई तिच्याशी भांडत नव्हत्या, टोमणाही मारत नव्हत्या. पुन्हा तेच, दूध उतू जातंय, दार लावून घे. कॅफेत बसून तिने त्या टाळ्या पुन्हा वाचल्या. शंभरावर माणसं खूश होती आणि तिला रडू येत होतं. एवढ्या मोठ्या जगातली एक म्हातारी आपलं ऐकेनाशी झाली याचं इतकं वाईट वाटेल, असं तिला कुणी सांगितलं असतं तर तिने हसण्यावारी नेलं असतं.

अमावास्येला खीर झाली, वडे झाले, कढी झाली, भोपळ्याची भाजी झाली. शेडच्या पत्र्यावर दोन पानं ठेवली. एक घराण्यातल्या पितरांचं, एक राजमातेचं. पितरांच्या पानाला कावळा लगेच शिवला. नेहमीचं गिऱ्हाईक होतं. वडा उचलून तो शेवग्यावर जाऊन बसला आणि दुसऱ्या पानाकडे ढुंकून बघेना.

कुंदन कंपनीत गेलेला, बाकी घर उपाशी. ऊन चढलेलं. टोपल्यांमधला झेंडू मलूल व्हायला लागला. शेवटी गोटीरामबाबांनी टोपी नीट केली आणि हात जोडले.

"राजमाता, मागच्याची काळजी करू नका. राज्य नीट चाललंय."

कावळ्याने चोच पुसली.

"तुझ्या दागिन्यांना त्या भवानीला हात लावू देणार नाय," झुंबरबाई म्हणाली. भवानी म्हणजे माळ्याची गुणी मुलगी. प्रतिभाला ते लागलं.

कावळा हलेना. मग सगळ्यांनी प्रतिभाकडे पाहिलं, कारण तीच राहिली होती. तिने हात जोडले. "राजमाता, मी तुम्हाला परत आणते," ती म्हणाली, आणि म्हणून झाल्यावर आपण काय बोलून गेलो ते तिच्या ध्यानात आलं.

कलाबाईंना मात्र त्यात नवल वाटलेलं दिसलं नाही. "परत आणून काय करती? परत शिव्या खायला?"

"आत्याबाई, ते लिहिणारी बाई..."

"लिहिणारी बाई. राजमाता पदराला सुई खोचून फिरती असं लिहिलंय तिनं. राजवाड्यातल्या बाईला सुई कशाला गं? ते कुठं बघून आली ती?"

प्रतिभाची नजर सासूच्या पदराकडे गेली; तिथं आज सुई नव्हती.

"मला पहिल्या दिसापासून ठावं हाय. लिही बापडी, म्हटलं. वाईट लिहिलं त्याचं बी काय नाय, मी हायेच तशी." कलाबाईंनी पत्र्यावरच्या पानाकडे पाहिलं. "पण एवढे भाग झाले. राजपुत्र जेवला. पोरगी जेवली. त्या घोड्याला बी चंदी घातली दर बुधवारी. म्हातारी कवा जेवली, सांग. जिन्यावरनं पडली तवा उपाशीच होती ती."

प्रतिभाने आठवून पाहिलं. खरंच जेवली नव्हती. मग तिला दुसरंच आठवायला लागलं. या घरात आधी बाबा आणि कुंदन जेवायचे, मग ती स्वतः आणि कामाच्या बाया, आणि सासूबाई कधी जेवतात, काय उरलेलं जेवतात, हे तिने सहा वर्षांत पाहिलेलं नव्हतं. तिला स्वतःची लाज वाटली.

ती आत गेली. पाट मांडला, ताट वाढलं. बाहेर येऊन तिने कलाबाईंचा हात धरला. "आधी तुम्ही बसा."

"अगं, कावळा शिवला नाही अजून," बाबा म्हणाले.

"शिवेल."

कलाबाई बसल्या. सगळे पाहत असताना जेवायची सवय नव्हती म्हणून पहिला घास जरा अवघडून घेतला. प्रतिभा शेजारी वाढायला बसली. पत्र्याकडे बघायचं कुणाला सुचलं नाही. नंतर पाहिलं तर पान रिकामं होतं. कावळ्याने नेलं की शेजारच्या मांजराने, याची चौकशी कुणी केली नाही. दिवस मावळायच्या आत माळा झाल्या.

पुढच्या बुधवारी राजमाता जिवंत निघाली. वैद्याने नाडी भलत्याच हाताची पाहिली होती. सगळा भाग ती पाटावर बसून जेवत होती आणि सून तिला वाढत होती. वाचक खवळले. 'निषेध', 'या भागात काहीच घडलं नाही', 'लेखिकेची तब्येत बरी आहे ना?' न्यू जर्सीच्या गृहस्थांनी घोडा कुठे गेला म्हणून विचारलं. प्रतिभाने कुणालाही उत्तर दिलं नाही. कागद छापून पिशवीत घातले.

दुपारी शेडमध्ये तिने वाचलं. कलाबाईंनी शेवटपर्यंत ऐकलं, गाठ मारली, दोरा दाताने तोडला.

"एवढा वेळ जेवती ती," त्या म्हणाल्या. "कढी गार झाली असंल तवर."

दुसऱ्या दिवशी कॅफेत गेल्यावर प्रतिभाने सगळ्यात आधी तो भाग उघडला आणि कढी गरम केली.