सळई काढली की

"खणाला हात लावू नकोस, मोनू!"

"आजी, समझो ना. सगळं कम्प्युटरमध्ये आहे."

"सगळं? मराठी दाब. बघ किती पुस्तकं येतात."

मोनूने दाबलं. शून्य.

मी हिंदी मुलखातल्या धारच्या कॉलेजातलं कार्डांचं कपाट बोलतोय. देवासच्या तुकाराम सुताराने घडवलेलं, साठ खणांचं. ग्रंथालयातल्या प्रत्येक पुस्तकाचं एक कार्ड माझ्या पोटात, खणातली सगळी कार्डं एका पितळी सळईत ओवलेली. पुस्तक बाद झालं की सळई काढायची, कार्ड उचलायचं. एवढाच त्याचा अंत्यविधी.

ही आजी म्हणजे पार्वती. ती इथे झाडू मारायला आली, तेव्हा तिला अक्षरओळख नव्हती. माझी धूळ पुसता पुसता शिकली. तेव्हाच्या ग्रंथपाल साहेबांना मराठी येईना, म्हणून मराठीची चारशे कार्डं तिनेच लिहिली. कोणाच्या बापाने शिकवलं नव्हतं तिला!

ती निवृत्त झाली आणि कम्प्युटर आला. मोनू लिपिकाने देवनागरी लिपी बघितली आणि ती चारशेही पुस्तकं हिंदीत चढवली. मराठी शोधणाऱ्याला ती दिसेनात. हिंदीवाला दोन ओळी चाळून परत ठेवी. दहा वर्षं कोणी नेलं नाही ते रद्दी, असा नियम. दहा वर्षं काल भरली.

सकाळपासून दाराशी धामनोदचा रद्दीचा टेम्पो घरघरतोय. कम्प्युटर आहे म्हणून मलाही मोडीत काढलंय, माझे एकोणसाठ खण रिकामे झालेत. साठावा मराठीचा, त्याची सळई मोनूने अर्धी ओढलीय.

ग्रंथपाल उर्वशी रद्दीची यादी घेऊन पार्वतीसमोर आली. तिचं घर मराठी, शाळा हिंदी.

"काकू, यादी मंजूर झालीय. मी काय करू?"

"चूक तुमची, आणि मरायचं पुस्तकांनी?"

"चारशे पुस्तकं परत कोण चढवणार? मला मराठी वाचायला टाइम लागतो."

"मी वाचते, तू टाइप कर."

"रुक जा भिया, दोन मिनिटं!" मोनू टेम्पोवाल्याला ओरडला. सळई चार बोटं आणखी सरकली.

वाचणाऱ्यांनो, माझ्यासाठी रडू नका. मी लाकूड, जळेन. पण ज्याची नोंद चुकली ते पुस्तक समोर उभं असलं तरी कोणाला सापडत नाही, एवढं ध्यानात ठेवा.

पार्वतीने पदर खोचला. टेम्पोत चढवायला बांधलेल्या गठ्ठ्यांवर जाऊन ती ऐसपैस बसली.

"लिही, उर्वशी: पार्वती, साल एकोणीसशे बावन्न, भाषा मराठी, पुठ्ठा फाटका, पानं शाबूत, आणि आता या नगासकट भर तुझा टेम्पो."