टूसॉनला जायचंय कोणाला?

टूसॉन जिंकलं, आणि तेही दणदणीत. सात शहरांत पहिलं, आणि दोघांच्याही कागदावर पहिलं.

कागदाची कल्पना बाबांची. आर्विड नीगार्ड यांनी अडतीस वर्षं जिल्ह्याच्या मोजणी खात्यात काढली होती, आणि जमिनीचा असो की जन्माचा, कुठलाही प्रश्न रकाने आखले की निम्मा सुटतो अशी त्यांची श्रद्धा होती. नोव्हेंबरात त्यांची बायको मार्लिस गेली. मिनेसोटातल्या फर्गस फॉल्समधलं दुमजली घर बाप-लेकी दोघांना मोठं पडू लागलं, एप्रिलमध्ये ते विकलंही गेलं, आणि एक जूनला नवे लोक राहायला येणार होते. तेव्हा बाबांनी दोन कागद घेतले, पट्टी लावून रकाने आखले आणि एक सोल्वेगपुढे सरकवला.

"आपल्याला काय महत्त्वाचं वाटतं ते लिहायचं. प्रत्येक गोष्टीला दहापैकी वजन द्यायचं. एकमेकांचं बघायचं नाही."

"बरं," सोल्वेग म्हणाली.

ती चव्वेचाळीस वर्षांची होती. पुस्तकांच्या शेवटी येणाऱ्या सूची तयार करणं हा तिचा व्यवसाय. पृथ्वीवर कुठेही बसून करता येणारा. आई आजारी पडली तेव्हा ती तीन वर्षांपूर्वी इकडे परत आली होती, दोन बॅगा आणि पुस्तकांची अकरा खोकी घेऊन. बाबांना एकटं सोडायचं नाही हे तिने ठरवून टाकलं होतं. सोल्वेगला एकटं पडू द्यायचं नाही हे बाबांनी ठरवलं होतं. दोघांनीही ते एकमेकांना सांगितलं नव्हतं, कारण असलं काही बोलून दाखवायची त्या घरात रीत नव्हती.

आज वाळवंटातल्या टूसॉनमधल्या घराच्या करारावर सही करून पाचच्या आत पाठवायची होती. घर छान होतं. बैठं, मातकट रंगाचं, पुढे हिरवळीऐवजी खडी आणि तीन निवडुंग. बाबांनी फोटो चष्म्यावरून पाहिला, चष्म्यातून पाहिला आणि म्हणाले, "काही वाईट नाही." मिनेसोटात याहून मोठी स्तुती नसते, म्हणून सोल्वेगही म्हणाली, "अगदीच काही वाईट नाही." आणि दोघं करार मध्ये ठेवून, सही न करता, सकाळपासून कॉफी पीत बसले होते.

तीन वाजता कॉनी मामी भांडी बांधायला आली. ही मार्लिसच्या भावाची बायको, मूळची न्यू जर्सीची. लग्न होऊन इथे येऊन तिला एकतीस वर्षं झाली होती, तरी गावाच्या लेखी ती अजून पाहुणीच होती, कारण ती मनात आलेलं बोलायची.

"हे काय? उंदराने कुरतडलंय का?" टेबलावरच्या ट्रेकडे बोट दाखवून तिने विचारलं.

शेजारणीने दिलेल्या लिंबाच्या वड्यांचा तो ट्रे होता. इकडे शेवटची वडी कुणी घ्यायची नसते. फार तर अर्धी कापून घ्यायची. सकाळपासून बाबांनी निम्मी घेतली होती, सोल्वेगने निम्म्याची निम्मी, पुन्हा बाबांनी तिची निम्मी. आता नखाएवढा तुकडा उरला होता आणि त्याच्या शेजारी सुरी अजून तयारीतच होती. मामीने तो उचलून तोंडात टाकला. बाप-लेकीने एकदम खिडकीबाहेर पाहिलं.

"टूसॉन ठरलं म्हणे."

"हो. तक्त्यात पहिलं आलं," बाबा म्हणाले. "दोघांच्याही."

"बघू." मामीने न विचारता बाबांचा कागद उचलला. "'ग्रंथालय चालत जाण्याजोगं, दहा.' 'विद्यापीठ, नऊ.' 'संध्याकाळी उशिरापर्यंत उघडी कॉफीची दुकानं, आठ.' अहो आर्विड, तुम्ही साडेआठला घोरायला लागता!"

बाबांनी कॉफी ढवळली. त्यात साखर नव्हती.

मामीने दुसरा कागद घेतला. "'बर्फ उपसावा लागू नये, दहा.' 'जमीन सपाट, जिने नकोत, नऊ.' 'गुडघ्यांचे चांगले डॉक्टर, दहा.' का गं? तुझ्या गुडघ्यांना काय झालं?"

"काही नाही."

"मग?"

"जनरल लिहिलं."

मामीने दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि ओळी जुळवून पाहिल्या. मग ती खुर्ची ओढून बसली, आणि बसताना करार उचलून सरळ बुडाखाली घेतला. "म्हणजे पोरीने बापाचा कागद भरला आणि बापाने पोरीचा. आता मला सांगा, टूसॉनला जायचंय कोणाला?"

फ्रिज घरघरत होता. सोल्वेगला वाटलं, बाबा आता म्हणतील, मला. बाबांना बहुधा उलटं वाटत असावं.

"मला काय, कुठंही चालेल," बाबा म्हणाले.

"कुठंही नावाचं गाव नाहीये अमेरिकेत. मी नकाशा बघितलाय."

"बाबांना जिथे बरं वाटेल—" सोल्वेगने सुरुवात केली.

"तुझं विचारलं मी!"

या घरात इच्छा बोलून दाखवायचं खातं आईकडे होतं. चर्चच्या तळघरातल्या जेवणात ती मोठ्याने म्हणायची, "आर्विडला आता घरी जायचंय," आणि बाबा सुटकेने कोट घालायचे. "सोल्वेगला ती निळी सायकल हवी आहे," हेही दुकानदाराला आईनेच सांगितलं होतं. सोल्वेग नुसती सायकलीपासून दोन पावलं लांब उभी होती. आईला ते कसं कळायचं, हे दोघांनी कधी तिला विचारलं नाही. नोव्हेंबरापासून ते खातं बंद होतं. मधल्या सहा महिन्यांत या दोन माणसांनी रोज रात्री जेवायला काय करायचं हे एकमेकांवर ढकलत ढकलत टोस्ट खाल्ले होते.

"फिलाडेल्फिया," सोल्वेग म्हणाली.

आवाज तिच्या अपेक्षेपेक्षा मोठा आला. "एकदा कामासाठी चार दिवस गेले होते. बाजारात एका बाईने मला झापलं, घ्यायचे तर घे, नाहीतर पीच दाबू नकोस. मला इतकं बरं वाटलं ना! तिथे गाडी लागत नाही. घरं एकमेकांना चिकटून, जिने उभेच्या उभे..." इथपर्यंत सोपं होतं. पुढचं तिने टेबलाकडे बघून सांगितलं. "आणि मला एकटीला जायचंय."

बाबांनी चमचा बशीत ठेवला. त्यांचा चेहरा तिला नीट वाचता येईना. आई असती तर तिने वाचला असता.

"गुडघे माझे तसे बरे आहेत," ते म्हणाले.

"माहीत आहे, बाबा."

"बर्फ उपसायला मला आवडतं."

"आवडतं?"

"सकाळी बाहेर कुणी नसतं. बरं असतं." ते मामीकडे वळले, जणू हे तिला सांगणं सोपं होतं. "वर डुलूथला आमच्या खात्यातला ऑर्व्हिल राहतो त्या इमारतीत जागा होती. मोठ्या सरोवराच्या बाजूची. जहाजं बंदरात शिरताना भोंगा देतात, तो आत ऐकू येतो. जानेवारीत मी नाव नोंदवलं होतं."

"मग?" मामी म्हणाली.

"मार्चमध्ये काढून घेतलं. एका माणसापुरती जागा आहे ती."

सोल्वेगने बाबांकडे पाहिलं. म्हणजे हा माणूस दोन महिने मनात जहाजांचे भोंगे ऐकत होता, आणि वर तिच्यासाठी वाळवंटातली कॉफीची दुकानं मोजत होता. तिला हसू आलं. ती उठून नळाखाली कप विसळत राहिली. कप स्वच्छच होता.

मामीने बुडाखालचा करार काढला, चुरगळलेला, उबदार, आणि बाबांपुढे फोन ठेवला. "आधी ऑर्व्हिल. मग टूसॉन."

ऑर्व्हिलचं काम सोपं झालं. जागा गेली होती, पण ऑगस्टमध्ये तिसऱ्या मजल्यावरची रिकामी होणार होती, आणि तोवर त्याच्या मागच्या खोलीत एक पलंग होताच. तो पलंग बाबांनी दोनदा नाकारला आणि तिसऱ्यांदा देऊ केल्यावर घेतला. तशीच पद्धत असते.

टूसॉनच्या घराच्या दलाल बाई मात्र गोड होत्या. बाबा पाच मिनिटं तिथल्या उन्हाबद्दल बोलले. मग इथल्या वाऱ्याबद्दल बोलले. "घर फारच चांगलं आहे हो," ते म्हणाले. "नाही, किचन तर उत्तमच. निवडुंगही... हो. हो, सहीचंच म्हणत होतो..." मामीने कपाळावर हात मारला. सोल्वेगने फोन घ्यायला हात पुढे केला. तिला शब्द माहीत होते. आर्विडला नको आहे. तीन शब्द, आई एका श्वासात म्हणाली असती.

बाबांनी तिचा हात पाहिला आणि मान हलवली. ते खुर्चीत ताठ बसले.

"मला ते घर नको आहे," ते फोनमध्ये म्हणाले. "दुसरं काही कारण नाही. मला नको आहे."

चव्वेचाळीस वर्षांत हे वाक्य तिने त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. त्यांनाही ते नवीनच असावं. फोन ठेवल्यावर ते त्याच्याकडे बघत राहिले. घड्याळात पाचला दहा मिनिटं कमी होती.

"देवा रे," मामी म्हणाली. "आता तरी भांडी बांधू या का?"

ती वर्तमानपत्रं आणायला गाडीकडे गेली. बाप-लेक स्वयंपाकघरात उरले.

"फिलाडेल्फियात बर्फ पडतो का?" बाबांनी विचारलं.

"थोडा."

"मग मी येईन म्हणतो. मार्चच्या सुमारास. तुला चालत असेल तर."

तुम्हाला हवं तेव्हा या, असं तिच्या ओठांवर आलं. मार्चमध्ये तिच्याकडे दोन जाडजूड पुस्तकं यायची होती, आणि तेव्हा ती कुणाशी धड बोलतही नसे.

"मार्च नको, बाबा," ती म्हणाली. "एप्रिलमध्ये या. दोन आठवडे राहा."

"एप्रिल," बाबा म्हणाले, आणि पेन्सिल शोधू लागले.