भिंतीपलीकडचे पाहुणे

नवरा, ध्रुव, वेगळा झाला तेव्हा सुखदा पुण्याला परतली नाही. परतली असती तर एकेका मावशीला, आत्याला उत्तर देत बसावं लागलं असतं. परक्या कानडी शहरात, बसवनगुडीतल्या या भाड्याच्या घरात विचारणारंच कुणी नव्हतं. सुरुवातीला त्याचं तिला बरं वाटायचं.

पुण्यातल्या एका कंपनीसाठी ती कादंबऱ्या वाचून रेकॉर्ड करायची. आतल्या खोलीत गाद्या उभ्या करून केलेल्या आडोशाला माईकसमोर वाचायचं आणि मग हॉलमधल्या टेबलाशी येऊन, हेडफोन चढवून चुका कापायच्या. दिवसचे दिवस तिचा आवाज तिच्याच दोन कानांत राहायचा. शेजारच्या म्हाताऱ्या बाई जिन्यात भेटल्या की "ऊटा आयिता?" विचारायच्या. जेवण झालेलं असो वा नसो, ती "आयितु" म्हणायची. एवढंच तिचं कन्नड आणि एवढीच तिची ओळख.

एकदा कंपनीतल्या गिरीराजचा फोन आला. "ताई, आवाज कानात गोड लागतो, पण खोलीत लावला की ‘स’ टोचतो. नुसत्या हेडफोनवर नाही कळायचं ते. मॉनिटर स्पीकर घ्या."

इथल्याच शिवाजीनगरच्या एका दुकानातून तिने स्पीकरची जोडी रिक्षात घालून आणली. तारांची कामं पूर्वी ध्रुवची असायची. तो असता तर तिला चहा करायला पाठवून त्याने ती उरकली असती. आता तीच टेबलाखाली शिरली. माईक आणि हेडफोन ज्या डब्याला जोडलेले होते, त्याच्या पाठीमागे दोन रिकामी छिद्रं होती, डावं आणि उजवं. एकेक तार त्यांत बसवली. स्पीकर कानांच्या उंचीला यावेत म्हणून खाली जाडजूड पुस्तकं रचली. मग आवाज वाढवला आणि घरभर अशी कर्कश शीळ घुमली की तिने कान झाकले. आतला माईक चालूच राहिला होता. स्पीकरमधलं तो ऐकत होता आणि पुन्हा स्पीकरलाच परत देत होता. तिने धावत जाऊन तो बंद केला. काय झालं ते सांगायला घरात कुणी नव्हतं.

मग तिने कालचं प्रकरण लावलं. त्यात एका घरातलं भांडण होतं: सासरा, सून, नातू आणि बहिरी आत्या. सगळे आवाज सुखदाचेच. पण स्पीकरवर ते असे मोकळे सुटले की हॉल भरून गेला. नातू रडला, सासरा खेकसला. ‘स’ खरंच टोचत होता, पण सुखदा तिकडे लक्ष न देता नुसती ऐकत बसली.

बेल वाजली. दारात शेजारच्या बाई, हातात झाकलेलं ताट.

"पावणं आलेत न्हवं? मराठी ऐकलं आणि ऱ्हावलं न्हाई बघ. तू मराठी हैस म्हणून मला काय ठावं! मी निपाणीची, कृष्णाबाई. गरम कडबू केलोय, घाल सगळ्यांना."

निपाणीकडच्या बायका ‘केलोय, आलोय’ असंच बोलतात, हे सुखदाला ठाऊक होतं. पण पाहुणे आलेच नाहीत, हे मात्र तिच्या तोंडून निघेना. "आत्ताच गेले," ती म्हणाली.

कृष्णाबाईंनी आत नजर टाकली. एकच खुर्ची, टेबलावर एकच कप. "असू दे," म्हणत ताट तिच्या हातात देऊन त्या गेल्या. सुखदाने ओट्याशी उभ्यानेच एक कडबू खाल्ला. उरलेले झाकून ठेवले.

सकाळी धुतलेलं ताट घेऊन ती गेली आणि सगळं सांगून मोकळी झाली. "पाहुणे नव्हते हो. मीच होते सगळी."

"मला कळलं तवाच. दारात चपला कुठं हुत्या?" कृष्णाबाई म्हणाल्या. "आमच्यातबी तसंच. पोरगा-सून हापिसला गेली की मी टीव्ही मोठ्यानं लावतो. कुणीतरी बोलाय पायजे."

त्या दुपारपासून त्या ऐकायला येऊ लागल्या. स्पीकरसमोर मांडी घालून बसायच्या. एकदा म्हणाल्या, "ही तुझी आत्या नुसती वाचतीया, गं. माणूस समोर असल्यावर असं बोलत्यात व्हय?" सुखदाने त्यांना आत नेऊन माईकपलीकडे बसवलं, स्पीकर बंद केले, हेडफोन चढवले आणि आत्याचं बोलणं त्यांच्याकडे बघत पुन्हा केलं. गिरीराजला तो फरक न सांगताच जाणवला.

मग कृष्णाबाईंच्या मुलाने देवनहळ्ळीला नव्या वसाहतीत घर घेतलं. सामानाचा टेम्पो भरला गेला तेव्हा त्या सुखदाचा हात धरून उभ्या राहिल्या. "लांब हाय गं. पण येशील न्हवं?"

"येते की," सुखदा म्हणाली.

भिंतीपलीकडे कुलूप लागलं. सुखदा काम करत राहिली, पण स्पीकरचा आवाज आता कितीही ठेवला तरी कुणी येत नव्हतं. ती पुन्हा हेडफोनच लावू लागली. तसे बरेच दिवस गेले. एका रविवारी सासरा-सुनेचं नवं भांडण कापता कापता तिने हेडफोन काढून टेबलावर ठेवले, डबा बंद केला आणि साडी बदलली.

बसमध्ये कंडक्टरने विचारलं तेव्हा एक तिकीट मागत ती मोठ्याने म्हणाली, "देवनहळ्ळी, ओंदु." कितीतरी दिवसांत माणसाशी बोललेले ते तिचे पहिले शब्द होते.