तीन नंबरचा हार्नेस

वागळे इस्टेटमध्ये आमचं कंट्रोल पॅनल बनवायचं लहानसं वर्कशॉप आहे. माझी बायको नंदा वायरिंगचं खातं बघायची. ती श्रावणात गेली. तिच्या जागी कुणीतरी घ्यावं लागणार हे कळत होतं, पण मी टाळत होतो. तिचं टेबल तसंच होतं, खुर्चीवरची उशीही तशीच. दिवाळीनंतर आमचा फोरमन भगवान म्हणाला, "साहेब, मुली ओव्हरटाइम करून दमल्यात. तुम्हाला नको वाटतं, मला कळतं. पण माणूस घ्या आता."

माणूस घ्यायची पद्धतही नंदानेच घालून दिलेली. सुरुवातीला आमच्याकडे सगळे गावचेच होते. कुणाचा भाचा, कुणाचा मेहुणा. काम बिघडलं तरी बोलता यायचं नाही, कारण गणपतीत त्याच घरी जेवायला बसायचं असायचं. मग तिने ठरवलं, येईल त्या प्रत्येकाने एकच हार्नेस बांधून दाखवायचा. हार्नेस म्हणजे वायरींची जुडी. मापाप्रमाणे वायरी कापायच्या, टोकं लावायची आणि प्लास्टिकच्या टायने आवळायच्या. जुडीला फक्त नंबर. कुठला नंबर कुणाचा हे नंबर वाटणाऱ्या बाईलाच माहीत, आणि ती निवड होईपर्यंत उमेदवारांबरोबर बाहेर बसायची. नाव, आडनाव, गाव, काहीच टेबलापर्यंत पोचायचं नाही.

नंदाचा धाकटा भाऊ सहदेव डोंबिवलीला असतो. त्याची मुलगी सोनल सुट्टीत आमच्याकडे राहायची, स्वयंपाकघरात नंदाजवळ बसून वायरी बांधायची. जागा निघाल्याचं त्याला कळलंच.

"भावोजी, घरची मुलगी असताना बाहेर कशाला बघताय?" तो फोनवर म्हणाला.

"येऊ दे की. बाकीच्यांबरोबर बसेल."

"म्हणजे आत्याच्या खुर्चीसाठी पोरीने परीक्षा द्यायची?"

"तुझ्या बहिणीचीच पद्धत आहे, सहदेव."

त्याने फोन ठेवला. मला मात्र तेव्हापासून एकच भीती होती, की मी सोनललाच घेईन. घरी ती आली की आतल्या खोलीत नंदा आहे असं क्षणभर वाटतं. असा माणूस निवड काय करणार?

शनिवारी चौघी आल्या. आमच्या कल्पिताने नंबर वाटले. काम झाल्यावर ती त्यांना घेऊन बाहेर चहाला बसली, आणि मी आणि भगवान आत टेबलापाशी.

चौथी जुडी बाद होती. पहिलीही ठीकठाकच. तिसरी हातात घेतली आणि मी थांबलो.

टाय आवळून उरलेलं शेपूट कापलं की डोक्यापाशी, म्हणजे खटका बसतो तिथे, धारदार टोक राहतं. नंदा प्रत्येक टायचं डोकं मागे वळवायची, नंतर पॅनलमध्ये हात घालणाऱ्याला टोचू नये म्हणून. आमच्या एकाही मुलीने ते उचललं नाही. वेळ जातो म्हणायच्या. या जुडीत सगळी डोकी मागे होती.

सोनल, मी मनात म्हटलं. दुसरी कोण असणार?

"तीन नंबर," भगवान म्हणाला. "बघायलाच नको."

"दोन घेऊ."

"दोन? साहेब, दोनमध्ये ही निळी वायर कमी पडतेय. ओढून लावावी लागेल."

"शिकेल."

"अहो, पण तीन नंबरला शिकवायलाच नको ना!"

"भगवान, दोन म्हटलं ना."

त्याने माझ्याकडे बघितलं. मग खांदे उडवून बाहेर गेला आणि ओरडला, "दोन नंबर, आत या!"

सोनल धावत आत आली.

"काका! मला वाटलेलं गेलं माझं! ती निळी वायर मी छोटी कापलेली, नंतर कळलं. थांबा, बाबांना सांगते आधी." तिने फोन लावलासुद्धा.

मी तीन नंबर हातात घेऊन बाहेर गेलो. बाकी दोघी निघून गेल्या होत्या. एक सावळी, चष्मेवाली मुलगी डबा पिशवीत घालत होती. कल्पिता म्हणाली, ही रचना, ठाकुर्लीची.

"हा तू बांधलास?"

"हो सर."

"डोकी मागे का वळवलीस?"

"पहिल्या ठिकाणी हात कापायचे सर, सगळ्यांचेच. मग मी वळवायला लागले." ती थांबली. "ते चुकीचं असतं का? त्याच्यामुळे गेलं का माझं?"

त्याच्यामुळेच गेलं होतं. तिला काय सांगणार? भगवान दारात उभा होता. त्याला सगळं कळलं असावं, कारण आता तो माझ्याकडे बघत नव्हता.

"जाऊ नकोस," मी तिला म्हटलं. "चूक माझी झालीये. बस जरा."

आत सोनल अजून फोनवर होती. मी तिला फोन ठेवायला सांगितलं आणि झालं ते सगळं सांगितलं. तीन नंबर तिचा समजून मी तो बाजूला सारला, नाहीतर दोन नंबर निवडलाच नसता, हेही.

"म्हणजे मी नको म्हणून तुम्ही मला घेतलंत?"

"हो."

"आणि आता काढताय. वा, काका." तिचे डोळे भरले. "आत्याने दहादा सांगितलेलं, डोकी मागे वळव म्हणून. मी कंटाळा करायचे." मग रागाने म्हणाली, "आत्या असती तर हे असं झालं नसतं."

"नसतंच झालं," मी म्हटलं.

ती पिशवी उचलून निघाली. रचनाच्या समोरून गेली, पण तिच्याकडे वाईट नजरेने बघितलं नाही, एवढं मी बघितलं. पोर चांगली आहे. पण ते सांगायची ती वेळ नव्हती.

मी रचनाला आत बोलावून टेबल दाखवलं. "सोमवारपासून इथे बसायचं."

तिने खुर्ची ओढली. "सर, ही उशी कुणाची आहे? बाजूला ठेवू?"

भगवान काही बोलणार होता, मी हाताने थांबवलं.

"बसायला बरी वाटली तर ठेव," मी म्हटलं. "नाहीतर मला दे. मी घरी नेतो."

ती बसून बघत होती, तेवढ्यात माझा फोन वाजला. सहदेवचा. मी बाहेर जाऊन उचलला.