गोड झालेला सिरका

नर्मदाकाठच्या ग्वारीघाटावर त्या सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. जो तो बरणी कवटाळून उभा. जबलपुरात घरोघरी जांभळाचा सिरका मुरतो. तोच आणायचा, असा मधुबाबाचा हुकूम होता.

"बरनी आपकी, सिरका आपका! हमारा क्या है, सिर्फ आशीर्वाद!" असं ओरडत तो चमचाभर पिवळी विभूती टाकायचा आणि नामजप करत तासभर ढवळायला लावायचा. मग चाखलं, की दात आंबवणारा सिरका गोड लागायचा. बाया रडायच्या, पुरुष पायावर पडायचे.

मीही पडले. सात वर्षांच्या माझ्या नातीचं, नर्मदेचं, पोट दुखायचं. बरणी माझी, सिरका माझ्या हातचा. लबाडी शिरेल कुठून? महिनाभर रोज दोन चमचे पाजले. पोर पांढरीफटक पडली, कळा वाढल्या, पाठ असलेले पाढे विसरली. बाबा म्हणाला, "रोग बाहर निकल रहा है, माताजी. मात्रा बढ़ाओ."

तेवढ्यात माझी भाची विनता आली. ती कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते.

"मावशी, हे काहून पाजून राहिली तू तिला?"

तिनं बोटभर पट्टी काढली. तिच्यावर बिस्मथ धातूचे कण, केसाच्या जाडीच्या हजाराव्या हिश्श्याएवढे. पट्टी लहानशा यंत्राला जोडून तिनं पातळ केलेल्या सिरक्यात बुडवली.

"वीज दिली की सिरक्यातला धातू या कणांवर जमतो. मग त्याला सोडवायचं. प्रत्येक धातू ठरलेल्या व्होल्टेजलाच सुटतो, अन् तिथं रेघ उठते."

विभूती न टाकलेल्या कोऱ्या सिरक्याची रेघ सपाट. बाबाच्या सिरक्याची डोंगरासारखी उठली.

"शिसं," विनता म्हणाली.

मग ती पिवळी पूड मी ओळखली. साठ साली लग्न होऊन इथं आले, तेव्हा सासूबाई कमानिया गेटजवळून खरजेच्या मलमासाठी मुरदाडशिंग आणायच्या. लावून झालं की चारदा हात धुवायच्या. तेच हे! शिशाची पूड सिरक्याचा आंबटपणा मारते आणि त्यातून बनणारं विष गोड लागतं. मला आठवायला महिना लागला.

नर्मदेच्या रक्तातही शिसं निघालं. तिला दवाखान्यात ठेवून मी विनताला घेऊन बरणीसकट घाटावर गेले.

"बाबा, एक चमचा तू घे."

"माताजी, आज हमारा व्रत है."

"अच्छा?" नावाडी भैयालाल ओरडला. "अभी तो समोसा खा रहे थे, महाराज!"

विनतानं सगळ्यांसमोर पट्टी बुडवली. रेघ उठली तसा बाबाही उठला, पण लोकांनी त्याची झोळी सोडली नाही. पोलीस आले. संतापलेली माणसं बरण्या घेऊन पाण्याकडे धावली.

"नदीत ओतू नका!" मी किंचाळले. "तेच पाणी पितो ना आपण?"

नर्मदेच्या कळा थांबल्या. पाढे परत येतील का, हे डॉक्टर सांगत नाहीत. म्हणून हात जोडून नाही, रागानं सांगते: बरणी आपली म्हणून आतलं औषध होत नाही. जीभ गोड म्हणते म्हणून लेकरांना पाजू नका. आधी तपासा. जो तपासू देत नाही, त्याला घाटावर उभंही राहू देऊ नका.