तळहाताखालचा कोपरा

उएदा स्टेशनच्या मागच्या गल्लीत, केस कापायच्या दुकानाच्या डोक्यावर, नोझावाचं पत्त्यांचं दुकान आहे. राजा-राणीचे पत्ते नव्हेत, चित्रांची पानं विकत घेऊन ज्याने त्याने आपली गड्डी जमवायची, तसले. रविवारी दुपारी एक वाजता तिथे स्पर्धा असते. सोळा माणसं, आठ टेबलं, चार फेऱ्या. बक्षीस म्हणाल तर एक चकचकीत पान. त्यासाठी चांगली मिळवती माणसं आठवडाभर गड्ड्या लावत बसतात आणि घरच्यांना सांगतात, सहज गेलो होतो.

इसोगाई त्यातलाच एक. वय चव्वेचाळीस. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात तपासनीस. दुसऱ्यांच्या मालावरचे ओरखडे शोधायचे, हाच त्याचा धंदा. चार वर्षं तो एकही रविवार न चुकवता येत होता आणि चार वर्षांत एकदाही पहिला आला नव्हता. त्या रविवारी मात्र तीन फेऱ्या जिंकून तो शेवटच्या फेरीत पोचला. जिंकणारा नागानोला जिल्ह्याच्या स्पर्धेला जाणार होता.

समोर होते उसामी सर. शाळेत त्याला गणित शिकवलेले. निवृत्तीनंतर लोक परसात मुळे लावतात, सरांनी पत्ते हातात धरले. खेळायचे सावकाश, पण हरायचे क्वचित.

आपली गड्डी पिसली की ती समोरच्याकडे द्यायची आणि त्याने पुन्हा पिसायची, असा नियम आहे. दर वेळी, न चुकता. त्यात कुणी अपमान मानत नाही. सरही सगळ्यांच्या गड्ड्या पिसायचे, अगदी मोजून सात वेळा. फक्त इसोगाईची गड्डी आली की नुसता तळहात वर ठेवायचे आणि म्हणायचे, "ठीक आहे." आपल्या वर्गातला मुलगा, त्याच्यावर कसली पाळत ठेवायची? इसोगाईला याचा अभिमान होता. कारखान्यातही त्याने दोघातिघांना हे सांगितलं होतं.

तिसऱ्या फेरीत त्याच्या ध्यानात आलं, की 'वादळी बगळ्या'च्या प्लॅस्टिकच्या कव्हराचा कोपरा वाकलाय. बगळा म्हणजे त्याच्या गड्डीचा जीव. साठ पानांत एकच. कव्हर खराब झालं तर ते पान पाठीवरून ओळखू येतं, म्हणून लगेच बदलायचं असतं. जवळ जादा कव्हर नव्हतं, काउंटरवर रांग होती, तेवढ्यात शेवटच्या फेरीची घंटा झाली. नंतर बघू, म्हणून तो बसला. इथवर नुसता आळस होता.

आधी कोण खेळणार यासाठी दगड-कागद-कात्री झाली, दोघं नमस्कारादाखल वाकले, डाव सुरू झाला. अर्ध्या तासात सरांनी त्याला भिंतीला टेकवलं. पुढच्या खेपेला हरणार हे दिसतच होतं. त्याने एक पान खेळलं. त्याच्या जोरावर गड्डीतून एक हलकंसं पान काढून घ्यायचं आणि गड्डी पिसायची. पिसताना वाकलेला कोपरा अंगठ्याला लागला.

बोटांनी काय केलं ते त्याला पक्कं कळलं होतं. नंतर त्याने स्वतःला पुष्कळ समजावलं, की नकळत झालं. पण नकळत वगैरे काही नव्हतं. बगळा सगळ्यात वर आला आणि त्याने गड्डी सरांपुढे ठेवली. पिसतील, पिसायलाच हवी, असं मनात म्हणाला, आणि पिसणार नाहीत हेही त्याला माहीत होतं.

सरांनी तळहात ठेवला. नेहमीपेक्षा क्षणभर जास्तच. मग म्हणाले, "ठीक आहे."

पुढचं पान उचललं, बगळा हातात आला. तीन चालींत डाव संपला.

निकालाच्या चिठ्ठीवर दोघांनी सह्या केल्या. सर वाकून म्हणाले, "छान खेळलास." मग आपल्या डबीतून एक कोरं काळं कव्हर काढून त्यांनी त्याच्यापुढे सरकवलं.

"बगळ्याचं कव्हर बदल. कोपरा वाकलाय. मघाशी हाताला लागला."

इसोगाईने विचारलं, "मग तेव्हाच बोलला का नाहीत, सर?"

"चारचौघांत कशाला? लोक उगाच तुझ्याकडे बघायला लागले असते. तुला माहीत नसणारच. माहीत असतं तर तूच सांगितलं असतंस."

"हो," इसोगाई म्हणाला. "लक्षातच आलं नाही."

पहिली चूक बोटांनी केली असं एक वेळ म्हणता येईल. ही दुसरी सरळ तोंडाने केली.

आठवडाभर त्याला जेवण गोड लागलं नाही. कारखान्यात त्याने इतके भाग नापास केले, की साहेब म्हणाला, "काय रे, घरी भांडण झालं का?" गुरुवारी तो नोझावाकडे गेला आणि नागानोला जायला जमणार नाही म्हणाला.

"का?"

"कारखान्यात मालाची मोजदाद आहे."

"रविवारी?"

"रविवारीच."

खरं सांगायला निघालेला माणूस अर्ध्या वाटेत तिसरं खोटं बोलून परत आला. नोझावा पडला दीडशहाणा. त्याने मनाशी गणित मांडलं, की पहिला बाजूला झाला म्हणजे जागा दुसऱ्याला, दुसरे उसामी सर, म्हणजे शिष्याने गुरूसाठी जागा सोडली. आणि हे त्याने येईल त्याला सांगितलं.

पुढच्या रविवारी सर टाय बांधून आले. हातात अक्रोडाच्या मिठाईचा डबा, छान कागदात बांधलेला. सगळ्यांदेखत तो दोन्ही हातांनी पुढे करून ते इसोगाईपुढे कमरेत वाकले. आपल्याच विद्यार्थ्यापुढे.

"अडतीस वर्षं शिकवलं," सर म्हणाले. "त्रैराशिक सगळे विसरले. पण काहीतरी राहिलं म्हणायचं."

औषधाच्या दुकानात काम करणारी कितझुमे बाई बाजूच्या टेबलावरून, नावाला अदबीचं 'सान' लावून म्हणाली, "इसोगाईसान, एवढं मोठं मन कुठे मिळतं हो? आम्हालाही एखादा डाव सोडा की."

लोक हसले, एकदोघांनी टाळ्याही वाजवल्या. इसोगाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कुणी शिव्या दिल्या असत्या तर त्याने ऐकून घेतल्या असत्या. हा डबा मात्र त्याला धरवेना.

"सर, तो कोपरा मला माहीत होता," तो म्हणाला.

सर अजून अर्धवट वाकलेलेच होते.

"मी बगळा वर आणला. तुम्ही पिसणार नाही, हेही माहीत होतं. मोजदाद वगैरे काही नाही."

नोझावा काउंटरवरची पाकिटं उगाच सारखी करत राहिला. सर हळूहळू सरळ झाले. फळ्यापुढे उभ्या केलेल्या मुलाला विचारावं तसं त्यांनी विचारलं, "कधीपासून माहीत होतं?"

"तिसऱ्या फेरीपासून."

"आणि मी कव्हर दिलं, तेव्हा लक्षात आलं नाही म्हणालास."

"हो."

सरांनी मान हलवली. डबा त्यांनी परत घेतला नाही, पुढेही केला नाही. बाजूच्या खुर्चीवर ठेवून दिला.

जोड्या सकाळीच छापून झाल्या होत्या. नोझावाने घसा साफ करून वाचायला घेतल्या. "टेबल तीन. इसोगाई आणि..." तो अडखळला. "इसोगाईसान, तुमचं काय करायचं ते स्पर्धा झाल्यावर बोलू. आणि उसामी सर."

दोघं समोरासमोर बसले, दगड-कागद-कात्रीत इसोगाई जिंकला, दोघं वाकले. इसोगाईने साठही पानांना नवी कव्हरं घातली होती. त्याने गड्डी पुष्कळ वेळ पिसली आणि पुढे ठेवली.

सवयीने सरांचा हात पालथा होऊन पुढे आला. गड्डीच्या वर, वीतभर अंतरावर तो थांबला. मग सरांनी गड्डी उचलली आणि पिसली. घाई न करता, सात वेळा. इसोगाई खाली मान घालून मोजत होता.

गड्डी दोन्ही हातांनी परत आली.

"घ्या, इसोगाईसान," सर म्हणाले. "तुमची खेळी."