विहिरीजवळचा लाल झगा

वाळवंटाच्या कडेच्या वारझाझात गावात सिनेमा कसा आहे असं कुणी विचारत नाही. कोण कोण दिसलं, असं विचारतात. परदेशातली मंडळी येतात, माळावर खोटे किल्ले उभारतात, अर्ध्या गावाला जुन्या काळचे झगे घालून उन्हात तिष्ठत ठेवतात आणि निघून जातात. मग वर्ष-दोन वर्षांनी तो सिनेमा कुणाच्या तरी पेनड्राइव्हवरून घरोघर फिरतो आणि गल्लीच्या भट्टीवर रोट भाजायला जमलेल्या बायका त्याचा निकाल लावतात. काढणाऱ्यांनी हे निकाल ऐकले असते तर बिचाऱ्यांनी धंदाच सोडला असता.

त्या दिवशीही तेच चाललं होतं.

“गोष्ट म्हणशील तर डोंबल!” फादमा म्हणाली. तिची शेरडं गावातल्या निम्म्या सिनेमांत असायची. “ती गोरी बाई नुसती रडते. बरं, एवढं वाळवंट तुडवते आणि मेलीचे ओठसुद्धा फुटत नाहीत. पण माझी शेरडं बघितलीत? दृष्ट काढायला हवी.”

“शेरडांचं काय घेऊन बसलीस, माझा नवरा तीनदा मरतो,” तूदा म्हणाली. “एकदा भाल्यानं, एकदा घोड्याखाली, आणि तिसऱ्यांदा आपला उगीचच. घरात ऊठ म्हटलं तर उठवत नाही, आणि तिथे मरून उठून परत मरायला तयार!”

सगळ्या खळखळून हसल्या. भट्टीवाला अल्लाल लांब दांड्याच्या फळीनं रोट आत सरकवत होता, तोही हसला. यामनाही हसली, पण मागाहून, दुसऱ्यांचं बघून. तिचं लक्ष हसण्यात नव्हतंच. तिला आज एकच गोष्ट पक्की करून घ्यायची होती. इदीर सिनेमात नेमका कुठे दिसतो?

इदीर तिचा धाकटा. या सिनेमासाठी त्यानं महिनाभर दाढी वाढवली होती. सैनिकाचं काम मिळालं होतं. “आई, लाल झगा दिलाय मला, लांबूनही ओळखशील,” म्हणाला होता. शूटिंग संपलं, हातात आलेले पैसे घेऊन तो नादोरच्या बंदरावर गेला, आणि तिथून रात्री समुद्रापलीकडे जाणाऱ्या चोरट्या होडीत बसला. त्याला आता दोन वर्षं होऊन गेली. फोन नाही, निरोप नाही. घरात त्याचा ओळखपत्रापुरता काढलेला एवढासा फोटो तेवढा होता, आणि त्यात तो कुणावर तरी चिडल्यासारखा दिसत होता. पोटच्या पोराची चाल कशी होती हे यामनाला आता डोळे मिटूनही नीट आठवेना, आणि याच गोष्टीनं तिचा जीव कासावीस व्हायचा. सिनेमात तो चालत असेल. नुसता चार पावलं चालताना दिसला तरी पुरे होतं तिला.

तो होडीत बुडाला असेल, असं तिच्या तोंडावर कुणी म्हणत नसे. नवरा एकदाच म्हणाला होता, “कुराण म्हणणाऱ्यांना बोलावू, चार लोकांना जेवू घालू, पोराच्या नावानं दुवा होईल.” तेव्हा यामनानं हातातलं भांडं आपटलं होतं. जिवंत माणसाच्या नावानं कसलं जेवण? शेजारच्या रक्याच्या भावानं त्याला पाहिलं नव्हतं का, समुद्रापलीकडे आल्मेरियात? भर बाजारात, खांद्यावर टोमॅटोचा क्रेट, डोक्यावर निळी टोपी. हाक मारेपर्यंत गर्दीत दिसेनासा झाला. कागदपत्रं नाहीत म्हणून लपून राहत असेल, फोन करायला भीत असेल. रक्यानं हे सांगितलं त्या दिवशी यामना कितीतरी दिवसांनी पोटभर जेवली होती.

“रक्या,” यामना म्हणाली, “काल मी पुन्हा बघितला गं. मला नाही सापडला.”

रक्या तिची शेजारीण, आणि बहिणीपेक्षा जवळची. तिनं डोक्यावरचा रुमाल सारखा केला. “अगं, तुझे डोळे! विहिरीजवळ. ती बाई पाणी प्यायला थांबते ना, तिच्या मागे. लाल झगा, हातात भाला. मी तर बघताक्षणी ओळखला.”

“विहीर मी चारदा मागे नेऊन बघितली.”

“धूळ असते गं तिथे,” फादमा मध्येच म्हणाली. “मला तर घोड्यांपाशी दिसला. माझ्या शेरडांच्या अलीकडे.”

“आणि पायऱ्यांवर,” तूदानं भर घातली. “पाठमोरा, पण चाल त्याचीच.”

“चाल दिसली तुला?” यामनाचा आवाज एकदम वर चढला. “कसा चालत होता गं?”

तूदा गडबडली. “कसा म्हणजे... ऐटीत. आपला इदीर चालायचा तसाच.”

यामनाचा चेहरा उजळला. तीन ठिकाणी दिसला पोरगा! आपलीच नजर अधू. आज दुपारी रक्याला शेजारी बसवून, टीव्हीवर बोट ठेवून बघायचं, असं तिनं ठरवलं.

तेवढ्यात बास्सू आला. बास्सू टायरवाला. सिनेमात इदीरच्या तुकडीत हाही होता. मग कामासाठी अगादीरला गेला, तो कालच परतला होता. गल्लीत काय बोलायचं आणि काय नाही, हे त्या बापड्याला कुणी सांगितलंच नव्हतं. आणि बास्सूचं म्हणजे उचलली जीभ, लावली टाळ्याला.

“सिनेमा ना? टुकार!” दारातूनच तो म्हणाला. “आठ दिवस आम्हाला नदीत उभं केलं, कमरेपर्यंत गार पाण्यात, आणि लढाईच्या लढाई कापून टाकली! आख्ख्या सिनेमात एक लाल झगा दिसला तर शपथ. माझ्या बायकोनं पाहुणे बोलावून ठेवले होते, बोला आता!”

कुणीच हसलं नाही.

“बास्सू, रोट घे तुझे आणि नीघ,” रक्या कडाडली.

“का? काय झालं?” मग त्याला यामना दिसली. “अरे, मावशी! इदीर माझ्याच शेजारी उभा होता. हुडहुडी भरली होती आम्हाला. लाल झगे फक्त आमच्याच तुकडीला होते. सगळे कापले मेल्यांनी.”

“विहिरीजवळ कुणी नव्हतं?” यामनानं विचारलं.

“विहिरीचं शूटिंग आम्ही यायच्या आधीच उरकलं होतं, मावशी.”

बास्सूला आता काहीतरी चुकल्याचं कळलं. त्यानं आपले रोट उचलले आणि मान खाली घालून गेला. यामनानं फादमाकडे पाहिलं. फादमा ओढणीचं टोक पिळत होती. तूदा भिंतीकडे बघत होती. रक्याचे डोळे भरून आले होते.

“तू परत जेवायचं टाकलं होतंस गं,” रक्या म्हणाली. “म्हटलं, दिसला म्हणून सांगितलं तर काय बिघडलं? तेवढंच तुझ्या जिवाला बरं. मी म्हटलं, मग ह्याही म्हणाल्या.”

यामना रागावली नाही. रागवावंसं तिला वाटलंच नाही. ती रक्याकडे निरखून बघू लागली. हेच तोंड. हाच आवाज. भावानं बघताक्षणी ओळखला, असंच तेव्हाही म्हणाली होती.

“रक्या,” ती म्हणाली, “आणि आल्मेरिया?”

रक्या आपले रोट फडक्यात बांधायला लागली.

“निळी टोपी कुणी सांगितली गं? भावानं की तू?”

“यामना, अगं...”

“तुला माझ्या गळ्याची शपथ.”

रक्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि मान हलवली. नाही. भावानं नाही. मग ती तिथेच जमिनीवर बसून हमसाहमशी रडायला लागली. फादमा तिला धरायला वाकली. भट्टीत कुणाचे तरी रोट करपल्याचा वास सुटला, तरी अल्लाल जागचा हलला नाही.

गार पाण्यात, कमरेपर्यंत, हुडहुडी भरलेला, एवढाच इदीर आता तिच्याकडे उरला होता, आणि तोही बास्सूच्या तोंडचा. होडी उलटली तेव्हाही पाणी गारच असणार. चाल कशी होती, ते आता कुठेच बघायला मिळणार नव्हतं.

तिनं भाजलेल्या रोटांची आपली फळी उचलली. रोट अजून गरम होते. त्यांच्यावर तिनं फडकं नीट पसरलं, कडा आत खोचल्या.

“अल्लालदादा,” ती म्हणाली, “उद्या सकाळी भट्टी आमच्यासाठी राखून ठेवा. रोट जास्त लागतील. कुराण म्हणायला माणसं बोलवायची आहेत.”

“ठेवतो, ताई,” अल्लाल म्हणाला.

कुणासाठी, ते त्यानं विचारलं नाही.